एबेनेझर, कथबर्ट आणि दहावा डेसिमस

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलपासून चालत पाचेक मिनिटांवर पोस्टमन्स पार्क नावाची लहानशी बाग आहे. सेंट बॉटॉल्फ चर्चच्या जुन्या कब्रस्तानाच्या जागेवर ती केलेली. शेजारी पूर्वी जनरल पोस्ट ऑफिसचं मुख्यालय होतं. तिथले टपालवाले दुपारच्या सुट्टीत इथं येऊन बसत, म्हणून हे नाव. आता बाकांवर आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं सँडविच खात बसलेली असतात. एका कडेला लाकडी पडवी आहे आणि तिच्या भिंतीवर चकचकीत फरशांचे 54 फलक. दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या सामान्य माणसांची दोन-तीन ओळींत हकिगत: नाव, धंदा किंवा वय, कोणाला वाचवायला गेला, कसा गेला, तारीख.

चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स याची ही कल्पना. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यानं ‘टाइम्स’ला पत्र लिहून ती सुचवली, भिंत उभी राहायला 1900 उजाडलं. वॉट्सचं स्वतःचं नावही उसनं. तो संगीतकार हँडेलच्या जन्मदिवशी जन्मला, म्हणून त्याला हँडेलचीच दोन्ही नावं मिळाली.

यंदाच्या अंकाचा एक विभाग ‘बारसं’ या विषयावर करायचा ठरला, आणि माझ्या वाट्याला व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या मुलग्यांची नावं आली. “आता कुणी ठेवायला धजणार नाही अशी बघा,” संपादकांनी फोनवर बजावलं होतं. त्या दृष्टीनं ही भिंत अगदीच नीरस. विल्यम, थॉमस, हेन्री, जोसेफ, पुन्हा विल्यम. अकरा वर्षांचा सॉलोमन गॅलमन तेवढा वेगळा. कमर्शियल स्ट्रीटवर धाकट्या भावाला गाडीखालून वाचवताना तो जखमी झाला आणि 1901 च्या सप्टेंबरात गेला. आणि एक हर्बर्ट मॅकोनोघू, विंबल्डनचा शाळकरी, वय तेरा. 1882 च्या ऑगस्टमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्या दोन वर्गमित्रांना काढायला गेला आणि तिघेही गेले. फलकावर आवर्जून लिहिलंय की त्याचे आईवडील तेव्हा हिंदुस्थानात होते.

‘नाव, असल्यास’

भिंतीवर साधीच नावं असणं स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्यात जॉन, विल्यम, थॉमस अशी हाक मारली असती तर निम्मी पुरुषमंडळी दारात येऊन उभी राहिली असती. थोरल्याला आजोबांचं, दुसऱ्याला बापाचं, आणि त्यातला एखादा तान्हेपणीच गेला तर पाठच्याला तेच नाव पुन्हा. जन्मणाऱ्या हजारांतली दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावत, तेव्हा नाव वाया घालवणं परवडत नसे.

1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. राणी गादीवर येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तोवर जन्माचा पुरावा म्हणजे अँग्लिकन चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद. बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, क्वेकर वगैरे वेगळ्या पंथांच्या लोकांची यात पंचाईत व्हायची. वारसाहक्काच्या खटल्यात त्यांच्या वह्यांना तितकं वजन नसे. नव्या कायद्यामागचं ते एक मोठं कारण होतं. रजिस्ट्रारला नोंदीमागे पैसे मिळत आणि सुरुवातीला त्यानंच आपल्या हद्दीत फिरून जन्म हुडकायचे, अशी अपेक्षा होती. 1874 च्या कायद्यानं ती जबाबदारी आईबापांवर आली: 42 दिवसांत नोंदवा, नाही तर दंड. बेचाळीस दिवसांची ती मुदत आजही तशीच आहे.

त्या दाखल्यातला दुसरा रकाना मला फार बोलका वाटतो. त्याचं शीर्षक ‘नाव, असल्यास’ असं आहे. नाव ठेवायच्या आतच गेलेल्या बाळांची सूचीत आडनावापुढे नुसती ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद होते. नाव ठरलेलं असलं तरी ते कागदावर उतरायला कारकुनाच्या कानातून जावं लागे. लिहिता न येणारी आई समोर उभी राहून बोलीत नाव सांगायची, रजिस्ट्रार ऐकू येईल तसं लिहायचा, ती खाली फुली मारायची. बायबलातल्या लांबलचक नावांची अशी काही रूपं त्या वह्यांत सापडतात, की मूळ नाव ओळखायला पाद्री आणावा लागेल.

जुना करार घरी आणला

आणि अशी लांबलचक नावं पुष्कळ होती. ओबडाया, हेझेकाया, झॅकराया, जेबेझ, एनॉक, जेथ्रो, सायलस, एबेनेझर. आज यांकडे ‘व्हिक्टोरियन’ म्हणून बघितलं जातं, पण त्यांचं मूळ सतराव्या शतकातल्या प्युरिटनांकडे जातं. त्यांना संतांची नावं पोपची वाटत, म्हणून ते जुन्या करारात शिरले. व्हिक्टोरियाच्या काळात हा वारसा सांभाळला तो चॅपलला, म्हणजे त्या वेगळ्या पंथांच्या प्रार्थनामंदिरात, जाणाऱ्यांनी: विणकर, खाणकामगार, चांभार, छोटे दुकानदार. मोठ्या जमीनदाराच्या घरात एबेनेझर सहसा जन्मत नसे. नाव ऐकलं की माणूस रविवारी कुठल्या दारातून आत जातो ते कळायचं.

एबेनेझर हे तर मुळात माणसाचं नावच नव्हे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात देवानं केलेल्या साहाय्याची खूण म्हणून उभारलेल्या दगडाचं ते नाव. वेल्समध्ये ते चॅपलच्या दारावर कोरत आणि पाळण्यातल्या पोरालाही देत. जेबेझचं तर नवलच. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातल्या या जेबेझच्या, म्हणजे मराठी बायबलातल्या याबेसाच्या, आईनं फार वेदना सोसून त्याला जन्म दिला आणि म्हणून ते नाव ठेवलं, असं तिथंच लिहिलंय. बाळंतपणाची कळ मुलाला जन्मभर नावात वागवायला लावणं मला तरी क्रूर वाटतं. पण मेथडिस्टांच्या घरी जेबेझ भरपूर होते, कारण त्यांचा एक थोर पुढारी जेबेझ बंटिंग होता. म्हणजे बायबल उघडायचंच असं नाही, प्रवचनकारावरूनही भागायचं. वेस्ली हे तसलंच. साल्व्हेशन आर्मीच्या विल्यम बूथनं थोरल्या मुलाचं नाव ब्रॅमवेल ठेवलं, तेही एका मेथडिस्ट प्रवचनकाराचं आडनाव होतं.

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल तो शब्द पोराला द्यायचा, असे किस्से त्या काळच्या नावांविषयी सांगितले जातात. खरेखोटे देव जाणे. पण यशयाच्या पुस्तकातलं महेर-शालाल-हाश-बज हे बायबलातलं सर्वांत लांब नावसुद्धा इंग्रज आईबापांनी मुलांना दिलेलं आहे. दोनदा ऑस्कर मिळवणारा अमेरिकन नट महेरशाला अली यानं तेच नाव तोडून सुटसुटीत केलंय.

या नावांना धक्का दिला तो कथाकारांनी आणि लुच्च्यांनी. 1843 मध्ये डिकन्सनं आपल्या कंजूष स्क्रूजला एबेनेझर केलं आणि काही वर्षांनी ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये हात चोळणाऱ्या हीपला युराया. 1892 साली जेबेझ बाल्फर या खासदाराची लिबरेटर बिल्डिंग सोसायटी बुडाली. हजारो गरीब, देवभीरू ठेवीदारांचे पैसे गेले आणि हे महाशय अर्जेंटिनाला पळाले. पकडून आणून त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. ठेवीदारांनी त्याच्यावर विश्वास टाकला, त्यात त्याच्या चॅपलवाल्या घराण्याचा मोठा वाटा होता. उलट एबेनेझर हॉवर्ड पाहा. उद्यान-नगरांची कल्पना मांडून लेचवर्थ उभं करण्यामागचा हा भला माणूस. पण एबेनेझर म्हटल्यावर आठवतो तो स्क्रूजच.

सातवा, आठवा, दहावा

दुसरी तऱ्हा मोजणीची. क्विंटस पाचवा, सेप्टिमस सातवा, ऑक्टेव्हियस आठवा, डेसिमस दहावा. लॅटिनमध्ये नुसता आकडा. क्यू गार्डन्समधलं ताडांचं अवाढव्य काचघर रिचर्ड टर्नरसोबत उभारणारा वास्तुविशारद डेसिमस बर्टन हा खरोखरच बापाचा दहावा. ट्रॉलोपच्या 1855 सालच्या ‘द वॉर्डन’ कादंबरीतला मवाळ पाद्री सेप्टिमस हार्डिंग आहे, तेव्हा वाचकांना त्यात काही गंमत वाटण्यासारखं नव्हतं. बाप लॅटिन शिकलेला आणि घर पोरांनी भरलेलं, एवढाच त्याचा अर्थ.

मधलं नाव ही वेगळीच सोय होती. तिथं आईचं माहेरचं आडनाव ठेवायचं, म्हणजे मामाची इस्टेट किंवा निदान मामाचा लोभ जवळ राहतो. पूल आणि बोटी बांधणारा इसांबार्ड किंग्डम ब्रुनेल हा कुणाला पल्लेदार पदवीसारखा वाटेल. त्यातलं ‘इसांबार्ड’ फ्रेंच बापाचं मधलं नाव आणि ‘किंग्डम’ आईचं माहेर. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या मधल्या नावातही पुष्कळदा बापाचं आडनाव ठेवून दिलेलं दिसतं. दाखल्यात बापाचा रकाना कोरा, पण गावाला कळायचं ते कळायचंच.

या बाबतीत डिकन्सनं मात्र हद्द केली. त्याच्या मुलांची नावं म्हणजे वाङ्मयाची हजेरीच. वॉल्टर लँडोर, फ्रान्सिस जेफ्री, आल्फ्रेड डॉर्से टेनिसन, सिडनी स्मिथ हॉल्डिमंड, हेन्री फील्डिंग, एडवर्ड बुल्वर लिटन. कवी, समीक्षक, कादंबरीकार, दोस्त, सगळे पाळण्याभोवती उभे. आपल्याकडे गावसकरांनी मुलाचं नाव रोहन जयविश्व ठेवलं, त्यात कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तीन क्रिकेटपटू बसवले, त्याच जातीचा हा षोक. नावांनी पोरांचं फारसं भलं झालं नाही. वॉल्टर लँडोर डिकन्स 1857 मध्ये हिंदुस्थानात फौजेत आला, कर्जात बुडाला आणि 1863 च्या अखेरच्या दिवशी कलकत्त्यात वारला. वय बावीस. हेन्री फील्डिंग तेवढा नामांकित वकील झाला.

चिलखत घातलेली नावं

चॅपलवाले जुन्या करारात रमले होते, तेव्हा वरच्या वर्गाला मध्ययुगाचं वेड लागलं होतं. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या, टेनिसनची आर्थर राजावरची काव्यं, आणि ऑक्सफर्डमधून 1833 पासून सुरू झालेली जुन्या चर्चकडे परतण्याची चळवळ. शतकानुशतकं विसरलेले एडगर, हॅरल्ड, ऑस्वल्ड, विल्फ्रेड, कथबर्ट, लॅन्सलॉट, पर्सिव्हल पुन्हा जन्मू लागले. सेड्रिक हे नाव तर स्कॉटनं ‘आयव्हॅन्हो’मध्ये जवळजवळ घडवलेलंच, मूळ सॅक्सन रूप सेर्डिक. पुढं 1886 मध्ये ‘लिट्ल लॉर्ड फाँटलरॉय’ या बालकादंबरीचा नायक सेड्रिक झाला आणि घरोघरच्या आयांनी ते उचललं.

शार्लट याँग या बाईंचा इथं मान मोठा. त्यांच्या 1853 सालच्या ‘द एअर ऑफ रेडक्लिफ’चा नायक गाय मॉर्व्हिल. पार्लमेंट उडवायला निघालेल्या गाय फॉक्समुळे बदनाम झालेलं ते नाव त्यांनी एका कादंबरीत धुऊन काढलं. आणि 1863 मध्ये त्यांनी ख्रिस्ती नावांचा दोन खंडांतला इतिहास लिहिला. व्युत्पत्तींत पुष्कळ चुका असूनही तो आज वाचताना मजा येते, कारण बाईंना प्रत्येक नावाबद्दल ठाम मत आहे.

खानदानी आडनावं पहिल्या जागी आणून ठेवायची ही याच हौसेची धाकटी पाती: पर्सी, सिडनी, स्टॅन्ली, हॉवर्ड, नेव्हिल. आल्जर्नन हे पर्सी घराण्यातल्या नॉर्मन पूर्वजाचं टोपणनाव, अर्थ ‘मिशाळ’. आधी लॉर्डांच्या घरी, मग बॅरिस्टरांच्या, मग कारकुनांच्या. कारकुनापर्यंत पोचलं की लॉर्डनं ते टाकून द्यायचं. पहिल्या महायुद्धात सैन्यभरती चुकवणाऱ्याला ‘कथबर्ट’ म्हणू लागले. सातव्या शतकातला लिंडिसफार्नचा तपस्वी संत, आणि त्याच्या नावाची ही गत.

आल्बर्टचं प्रकरण आणखी निराळं. 1840 च्या फेब्रुवारीत राणीनं जर्मन राजपुत्राशी लग्न केलं, त्याआधी इंग्लंडमध्ये हे नाव क्वचितच कानावर यायचं. 1861 मध्ये तो गेला. आपल्या वंशातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावात आल्बर्ट असावं, असा राणीचा हट्ट होता. 14 डिसेंबर 1895 रोजी, नेमक्या त्याच्या श्राद्धदिवशी, पणतू जन्मला, तेव्हा आजीबाईंना कसं सांगावं याची घरात धास्ती पडली होती. नाव अर्थातच आल्बर्ट ठेवलं. पण गादीवर बसताना राणीचा मुलगा आल्बर्ट एडवर्ड यानं नुसतं ‘एडवर्ड’ घेतलं आणि या पणतूनं ‘जॉर्ज’. ब्रिटनला आल्बर्ट नावाचा राजा मिळालाच नाही.

लढाई जिंकली, बारसं झालं

वर्तमानपत्रं स्वस्त झाली तशी नावं तारेनं येऊ लागली. 1857 मध्ये लखनौच्या वेढ्यात हेन्री हॅवलॉक आजारानं मेला आणि धर्मनिष्ठ सेनापती म्हणून इंग्लंडात त्याचा जयजयकार झाला. कितीतरी पोरगे हॅवलॉक झाले. 1885 मध्ये खार्टुमला जनरल गॉर्डन पडला, आणि गॉर्डन हे स्कॉटिश आडनाव पहिल्या नावांत रुळलं. बोअर युद्धात जनरल बुलरचं रेडव्हर्स आलं. क्लाइव्ह तर प्लासीवालाच. पण ते पहिलं नाव म्हणून रुजायला थॅकरेच्या ‘द न्यूकम्स’ची मोठी मदत झाली, तिचा नायक क्लाइव्ह न्यूकम हा हिंदुस्थानातल्या फौजेतल्या कर्नलचा मुलगा, आणि थॅकरे स्वतः कलकत्त्यात जन्मलेला.

ही नावं बोटीत बसून साम्राज्यभर गेली आणि घरी मेली तरी तिकडे टिकली. आपल्याला हे वेस्ट इंडीजच्या धावफलकामुळे ठाऊक आहे, फक्त लक्षात येत नाही. क्लाइव्ह ह्युबर्ट लॉइड. आणि गोलंदाजांना फोडून काढणारा आपला परिचित ग्रीनिज. त्याचं पूर्ण नाव कथबर्ट गॉर्डन ग्रीनिज. इंग्लंडनं ज्या कथबर्टची टर उडवली, त्याच्या बॅटीची इंग्लंडच्या गोलंदाजांनी पुढं धास्ती घेतली.

काळा घोडा आणि वांद्र्याच्या गल्ल्या

मुंबईचा या नावांशी जवळचा संबंध आहे. जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात 30 डिसेंबर 1865 ला जन्मलेल्या मुलाचं पहिलं नाव जोसेफ. दुसरं रडयर्ड, कारण आईबाप स्टॅफर्डशरमधल्या रडयर्ड तलावाकाठी भेटले होते. तलाव म्हणजे कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं धरण! वडील लॉकवुड किपलिंग जे. जे.मध्ये शिकवत. ‘लॉकवुड’ हे त्यांच्या आईचं माहेर. पाचव्या वर्षी पोराला इंग्लंडात परक्या घरी ठेवून आईबाप परतले, जसे भिंतीवरच्या त्या हर्बर्टचे इकडे होते. हर्बर्ट बुडाला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रडयर्ड मुंबई बंदरात पुन्हा उतरला.

काळ्या घोड्यावरचा स्वार म्हणजे युवराज आल्बर्ट एडवर्ड. पुतळा शहराला दिला आल्बर्ट ससून यांनी. ससून डॉक बांधणारे हे गृहस्थ बगदादेत जन्मले तेव्हा अब्दुल्ला होते. इंग्रज समाजात वर चढताना अब्दुल्लाचे आल्बर्ट झाले. त्या घराण्यातला पुढचा कवी सीगफ्रीड, कारण आईला वॅग्नरचं संगीत आवडे. पुण्यात ससून रुग्णालयाच्या रांगेत उभं राहणाऱ्याला हे नामांतर माहीत असायचं कारण नाही. घोडा 1965 मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला.

वांद्र्याला सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात फिरताना आणखी एक गोष्ट दिसते. पोर्तुगीज आडनाव आणि त्याआधी इंग्रजी नाव. मुंबई बेटांवरच्या आणि साष्टीतल्या जुन्या कॅथलिकांनी 1887 साली, म्हणजे वॉट्सनं ते पत्र लिहिलं त्याच जुबिलीच्या वर्षी, स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतलं आणि संघटना काढली. रेल्वे, मिल, कस्टम्स, तारखातं इथल्या नोकऱ्यांसोबत घरात सिरिल, ह्युबर्ट, विल्फ्रेड, ऑस्वल्ड, ऑब्री आले. गोव्यात कायतान आणि फ्रान्सिस्कू चालू होते. तिथली माणसं मुंबईला, कराचीला किंवा आफ्रिकेला गेली की पुढच्या पिढीत नेव्हिल जन्मायचा. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल ठोकणारा आपला नेव्हिल डिसूझा हा त्यातलाच. नॉर्मन सरदाराचं आडनाव त्यानं ज्या थाटात मिरवलं, तसं खुद्द नेव्हिलांना जमलं असेल असं मला वाटत नाही.

परत आलेले

लंडनमधल्या एखाद्या बालवाडीबाहेर दुपारी उभे राहा. आर्थर, स्टॅन्ली, विल्फ, आल्बी, थिओडोर अशा हाका ऐकू येतात. इंग्लंड-वेल्सच्या 2023 च्या यादीत मुलग्यांत पहिला मुहम्मद, दुसरा नोआ. आणि पहिल्या दहांत आर्थर, थिओडोर, ऑस्कर. साठ-सत्तर साली यातलं एकही नाव कुणी तरुण जोडप्यानं सहज घेतलं नसतं. आजीचं तांब्याचं घंगाळ सुनेला अडगळ वाटतं आणि नात ते घासून दिवाणखान्यात मांडते, तसं हे आहे. बापाचं नाव नको असतं, आजोबांचं म्हातारं वाटतं, पणजोबांना कुणी पाहिलेलंच नसतं.

पण पणजोबांची सगळीच मंडळी आत घेतलेली नाहीत. ओबडाया, जेबेझ, हेझेकाया, एथेलबर्ट दारातच आहेत. लाडात दोन अक्षरी करता येतील आणि ऐकायला गोड लागतील एवढीच निवडून घेतली. ज्यांच्यावर घाम, चॅपल आणि दारिद्र्याचा वास होता, ती नाहीत. इंग्रजांचं हे जुन्याचं प्रेम मला म्हणूनच बेताचं वाटतं: आवाज ठेवला, श्रद्धा टाकली. नाव ठेवणाऱ्याला आपण काय उच्चारतो आहोत याचा पत्ता नाही. राणीचा तिसरा मुलगा आर्थर 1 मे 1850 ला, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या वाढदिवशी जन्मला, म्हणून त्याला ड्यूकचं नाव मिळालं. ड्यूक म्हणजे आर्थर वेल्स्ली, 1803 मध्ये जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा. हाच राजपुत्र आर्थर पुढं मुंबई फौजेचा सरसेनापती म्हणून पुण्यात राहिला. आता ते नाव डब्याच्या पिशवीवर चिकटवलेलं असतं.

इंग्लंडच्या जन्मनोंदींची जुनी सूची आता घरबसल्या पाहता येते, आणि स्वयंसेवकांनी ओळ न् ओळ उतरवून काढलेली प्रतही फुकट आहे. आपल्याकडे चर्चच्या वह्यांत नाव मिळेल, ते का ठेवलं ते मिळणार नाही. वसई, वांद्रे, माहीम, म्हापसा, मडगाव इथल्या वाचकांना एवढीच विनंती: घरात कुणी सिरिल, ऑब्री, कथबर्ट किंवा पर्सिव्हल काका असतील, तर या दिवाळी-नाताळात त्यांचं पूर्ण नाव विचारा, ते कोणी आणि कोणावरून ठेवलं ते विचारा, आणि सालासकट लिहून ठेवा.